एकोणपन्नास रिपोर्ट

नाही, म्हणजे एकेक पाठवला असता तर काय बिघडलं असतं, तुम्हीच सांगा... पण आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, प्रोग्रॅम लिहितात. दवाखान्याच्या लॅबचा प्रोग्रॅम त्यांचाच, आणि म्हणे एकेक रिपोर्ट पाठवला की सर्व्हरला धाप लागते, म्हणून पन्नास जमेपर्यंत मेमरीत थांबवायचे, मग सगळे एका दमात डॉक्टरांकडे. "पन्नास झाले की जातील," हे सांगताना काय ती मान ताठ!

आणि तुम्हाला सांगतो, नेमकी त्याच दवाखान्यात आमची आई. दुपारी चक्कर येऊन पडली, नाडी चुकत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटॅशियम कमी आहे की जास्त हे कळल्याशिवाय औषध देणार नाही, उलटं दिलं तर हृदयच थांबेल. रक्त लॅबमध्ये गेलं. वीस मिनिटं, पाऊण तास... रिपोर्ट नाही. भाऊजी धावत लॅबमध्ये, मी मागे. स्क्रीनवर आकडा, एकोणपन्नास.

लॅबवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "पन्नास झाले की जातील. तुम्हीच सांगितलंत ना? बाहेरचे पेशंट तर केव्हाच संपले."

भाऊजी पांढरेफटक. मशीनमधून आकडे थेट प्रोग्रॅममध्येच जायचे; तो उघडून आईचा तेवढा आकडा बघावा, तर ती सोय त्यांनी ठेवलीच नव्हती. बंद करून चालू करावं, तर मेमरीतलं सगळं पुसलं जाणार, आईला पुन्हा सुई, पुन्हा पाऊण तास, आणि तेवढा वेळ तिच्याकडे आहे का, हे विचारायची हिंमत ना मला ना त्यांना. वेळ झाली की असतील तेवढे पाठव, एवढी एकच ओळ लिहायची राहिली होती हो... तीच ओळ पुटपुटत बसले. तेवढ्यात ताईचा फोन, "अहो, रिपोर्ट कुठाय?" आणि यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पन्नास झाले की जातील." स्वतःच दचकले.

बाईंनी सुई काढली. "पन्नासाव्या रिपोर्टला कुणाचंही रक्त चालेल. साखर बघते, लगेच होते. बसा."

"मी?"

"मग कोण? प्रोग्रॅम कुणाचा?"

आता हा माणूस म्हणजे, सुईचं नुसतं चित्र बघून खुर्चीतून घसरणारा. पण बसले. डोळे मिटले, माझं मनगट असं आवळलं की बोटांचे वळ उठले, आणि हळूच विचारलं, "आई वाचतील ना रे?" मी दुसऱ्या हाताने त्यांचा खांदा धरला. मशीन घरघरलं, आकडा पन्नास झाला आणि पुढच्याच क्षणी शून्य. वरून फोन आला, पोटॅशियम कमी आहे, औषध सुरू केलं.

आता रिपोर्ट दर मिनिटाला जातात, एक असो की दहा. आई दुसऱ्या दिवशी उठून बसली, चहा मागितला. भाऊजींनी तिला दोन चमचे साखर घालून दिला, आपला बिनसाखरेचा घेतला. तीनशे बारा निघाली होती त्यांची.

एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "काय करणार... माझा रिपोर्ट तेवढा वेळेवर आला."