उलट्या सुईची डॉक्टरीण

...आन् सुई तर सुई, तीबी उलटी! तुमाला सांगतो, आमची संजीवनी एवढी डॉक्टर झाली, पन अंगात औषधाचा थेंब घालंल तर शपथ! उलट आपलंच रगत काढून पुण्याच्या लॅबमदी तपासाया नेती! आवो, अख्खं विंझर गाव समाजमंदिरात बाह्या वर करून बसलेलं. चिमाजीअण्णानं तर गुडगाच पुढं केला, "संजू, हितं टोच बाय, लई ठनकतंय!"

ही म्हनती, "अण्णा, मी त्यातली डॉक्टर नाही. गेल्या पावसाळ्यात तुम्हाला डेंगू झाला ना? तुमच्या रक्तातल्या बी-पेशींनी त्याला वळखून ठेवलंय. तो परत आला की त्याच त्याच्याशी लढणार. मला त्या बघायच्यात."

अण्णा म्हनला, "मंग ऱ्हाऊ दे की तितंच! राखनदार कुनी उचलून नेतं व्हय?"

...बाह्या खाली करून उटलं की वो सगळं गाव!

पोरीचं तोंड एवढंसं झालं. आता मला सांगा, जी पोर एसटीला लोंबकळत शिकली, जिला परदेशातलं सायब इचारत्यात, "म्याडम, ह्या पेशी किती वर्सं ध्यानात ठेवत्यात?"... तिचं काम तिच्याच गावानं आडवायचं? काळीज तुटलं माजं! डेंगू मलाबी झालेला. म्हनलं, "घे माजं! बाप हाय मी!" बाही वर केली, ऐटीत बसलो, सुई बघितली...

आन् डोळं उगडलं तर अण्णा तोंडावर पानी मारतोय, "आरं, ह्या ज्ञानूवानी भित्रा गडी रगत देतो, मंग आपून काय मेलोय व्हय?" रांग लागली, रांग! उलट्या सुईला!

फुडं पोरीचा फोन. "आबा, सगळ्यात लख्ख आठवण तुमच्या पेशींची!" मी छाती फुगीवली, तवर आमच्या कारभारीन गीताबाई चुलीपासनं, "चष्मा कुटं ठेवला त्ये ध्यानात न्हाई, आन् पेशी म्हनं हुशार!"

पन खरं सांगू? लई अभिमान वाटला. मंग पोरगी हळूच म्हनती, "आबा, आता दर पावसाळ्याला द्यायचं हं. त्या कधी विसरतात ते बघायचंय."

दर पावसाळ्याला! उलटी सुई! आता मी रोज दंडाला हात लावून इनवतो, पेशीबायांनो, इसरा की गं आता... पन ऐकत्यात व्हय? पोरीवरच गेल्यात!