पथ्य सासूनं पाळायचं

—अहो, बाटली खाली ठेवू नका, मनुबाई. पथ्य ऐकून दचकलात व्हय? सगळ्याच दचकतात. पण दिनानाथ वैद्याचं औषध पथ्याशिवाय लागू पडत न्हाय, हे सगळ्या माणगावच्या बाजाराला ठाऊक हाय. पुन्हा सांगतो, सावकाश ऐका. सुनेनं सकाळी उठून दोन मैल जायचं आन् दोन मैल यायचं — न्हाय न्हाय, हंडा घेऊन न्हाय, लाकडाची मोळी घेऊन बी न्हाय, मोकळ्या हातांनी. हात मोकळे असले की औषध बोटांपर्यंत उतरतं. भात दुपारी एकदाच, तोही थोडा. रात्री नाचणीची भाकरी, पालेभाजी, मिळेल ती मासळी. गूळ-साखर बंद. उपास मात्र एकही न्हाय, उपाशी पोटी ही बाटली उलटते. पाळी आली की कॅलेंडरावर त्या तारखेला लाल टिकली. आन् शेवटचं, सगळ्यात कडक — चाळीस दिवस सासूनं सुनेसमोर मूल, पाळणा, वंश, शेजारणीचा नातू, यातला एक शब्द काढायचा न्हाय. एक जरी निघाला, की बाटलीतल्या औषधाचं पाणी झालं म्हणून समजा.

सासूचा काय संबंध? हेच, हेच विचारतात सगळ्या! औषध सुनेला आन् तोंड माझं का बांधता? — ग्रंथात लिहिलंय, बाई. कुठल्या म्हंजे? ह्या समोरच्या. न्हाय, उघडू नका, पानं सुटी झालीत त्याची. तुमाला काय वाटतं, मी मनचं सांगतो? अहो, तुमची सून, रंगू, बाहेर बाकावर बसलीय, पदर नाकापर्यंत ओढून, मी तिला अजून नीट पाहिलीसुद्धा न्हाय, तरी सांगू तिचं सगळं? पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत न्हाय. आली की थांबत न्हाय. लग्नात काडीसारखी होती, आता पोटाकडं सुटलीय, आन् तुमी म्हणता खाऊन खाऊन सुटली. हनुवटीवर केस येतात, ते ती उपटते, म्हणून पदर. आन् मान — मान काळी पडलीय, तुमी मळ समजून तिला काथ्यानं घासायला लावता. का? बरोबर? दगडानं? मनुबाई, दगडानं घासता पोरीची मान? … असो, असो. ओळखलं कसं म्हंजे काय! नाडीवरून. न धरता? लांबून लागते मला नाडी, तीस वर्षं हेच करतोय.

आता तुमी म्हणाल, गुण कुणाला आला ते दाखवा. लांब कशाला जाऊ? माझी पोरगी, तुळशी. हरिहरेश्वरात दिली होती, नवरा मुंबईला गोदीत कामाला, सदा त्याचं नाव. तिचंही हेच दुखणं, लक्षणं तीच. माझंच औषध घेतलंन तिनं. तीन वर्षं घेतलंन. आन् आज बघा, कशी ठणठणीत — तीन वर्षं का लागली? आता, दुखणं जुनं होतं, औषध मुरायला हवं — न्हाय, तेव्हाची बाटली ही न्हवती. ती वेगळी. ती जहाल होती. पपईच्या बिया, गाजराचं बी, आणखी दोन जिनसा, त्या सांगत न्हाय मी. पाळी आणायचीच म्हटलं की आणायची, असा काढा. आली बी! वीस दिवस थांबली न्हाय. पोरगी पांढरी फटक पडली, ओकून ओकून आतडी पिळवटली तिची, आन् मी सांगायचो, अंगातली उष्णता निघतेय, निघू दे. तिकडं तिची सासू, ती तर तुमच्याही वरची — न्हाय, म्हंजे तुमच्यासारखीच काळजीवाली, तसं म्हणायचं होतं मला — तिनं पोरीला एकवीस दिवस देवाची प्रदक्षिणा घालायला लावली, समुद्राकाठच्या कातळावरून, निर्जळी. एकविसाव्या दिवशी तुळशी चक्कर येऊन पडली, गुडघा फुटला, आन् सासूनं निरोप धाडला, तुमची पोरगी देवालाही नको हाय, घेऊन जा.

घेऊन आलो. बाजारात सांगितलं, हवापालटाला आलीय. माणगावात हवापालटाला! समुद्र सोडून! पण लोकांनी मान डोलावली, वैद्याला कोण खोटं म्हणणार? मी आपला घरात नवी मात्रा घोटत बसलो. दोन दिवस झाले, आन् आमची नीराबाई, माझी बायको, जी कधी एष्टीत एकटी बसली न्हाय, ती सकाळी म्हणाली, मी हिला मुंबईला नेतेय, मोठ्या इस्पितळात लेडी डॉक्टर हाय. मी म्हटलं, घरात वैद्य असताना? तर म्हणाली, घरात वैद्य हाय म्हणूनच. — आता बायकामाणसाचं बोलणं, मनावर घेऊ नये. पण दोघींना एकट्या कशा सोडणार? गेलो मागोमाग. अलिबाग, तिथून मांडवा, मांडव्याहून लाँच. महाराष्ट्र राज्य झालं ना परवा, साठ साली, त्याच्या पुढच्याच दिवाळीतली गोष्ट.

लेडी डॉक्टर लहानखुरी, चष्मा लावलेली. तिनं तुळशीला आत नेलं, तपासलं, आन् आधी काय विचारलं असेल? मूल का न्हाय, हे न्हाय. तिनं विचारलं, तुला झोप लागते का? पोरगी भोकाड पसरून रडली, मनुबाई. मला बाहेर ऐकू आलं. तीन वर्षांत मी तिला शंभर प्रश्न विचारले असतील, जीभ दाखव, मलाचा रंग सांग — हा एक सुचला न्हाय. मंग डॉक्टरीणबाईंनी आमाला आत बोलावून समजावलं. बीजकोशांवर बारीक बारीक गाठी धरतात, म्हणाल्या, बीज वेळेवर सुटत न्हाय, म्हणून पाळी लांबते, केस येतात, अंग सुटतं, मान काळी पडते. शाप न्हाय, पाप न्हाय, पोरीचा दोष तर मुळीच न्हाय. मुळापासून जात न्हाय, पण ताब्यात राहतं. पोट उघडून तुकडा काढायचं ऑपरेशन हाय, पण ते लगेच नको. आधी चालू दे, भात कमी करू दे, उपास बंद, तारखा लिहून ठेवू दे, दर दोन महिन्यांनी मला दाखवू दे. आन् हिला रोज टोचून बोलणारं कुणी असेल तर — इथं त्यांनी चष्म्यावरून आमच्या दोघांकडं पाहिलं — आधी त्याचं तोंड बंद करा, ते बी औषधच हाय. नवऱ्यालाही तपासायला घेऊन या, असंही म्हणाल्या. व्हय, नवऱ्याला! मी बी असाच हसलो होतो, आता तुमी हसलात तसा. त्या हसल्या न्हाईत.

आन् मंग त्यांनी विचारलं, हिला आजवर काय काय दिलंत? नीराबाई आन् तुळशी, दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी घसा खाकरला आन् सांगितलं — आमच्या माणगावात एक वैद्य हाय, बाई. त्याचं औषध चालू होतं. काय घालतो? पपईच्या बिया घालतो, असं ऐकून हाय. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पोरगी मेली असती. असल्या माणसाला तुरुंगात घालायला हवं. आन् मी काय बोललो असेन, मनुबाई? मी म्हटलं, व्हय बाई. घालायलाच हवं. लई लोकांना फसवलंय त्यानं.

… पाणी घ्या. न्हाय? मी घेतो.

तुळशी काय म्हणाली?  परत येताना लाँचमध्ये माझ्याशेजारी बसली. मी म्हटलं, सांगायचं होतंस, हाच तो. तर म्हणते, ‘बाबा, तो वैद्य वाईट माणूस न्हाय. त्याला नुसतं, मला कळत न्हाय, एवढं म्हणता येत न्हाय.’ आन् पदरातला शेंगदाण्याचा पुडा काढून माझ्यापुढं धरलान. रागावली असती तर बरं वाटलं असतं मला. मी सगळा वेळ समुद्राकडं बघत शेंगदाणे खात होतो, चव कसली लागत न्हवती.

पुढं? पुढं काय, चालायला लागली. पहिल्या दिवशी बाजारातली पोरं हसली, वैद्याची पोरगी बिनकामाची कुठं निघाली म्हणून. नीराबाई तिच्यासंगं चालायला लागली, दोघी नदीपर्यंत जाऊन यायच्या. चार महिन्यांनी कॅलेंडरावर दोन टिकल्या एकापाठोपाठ एक आल्या, मधे सहा आठवडे, आन् त्या दिवशी आमच्या घरात सणासारखं झालं — गोड मात्र केलं न्हाय, गोड बंद होतं. नवरा? सदाला मी पत्र घातलं. त्याची आई आडवी पडली, पण तो आला बाई, आपल्या पायांनी आला, कान लाल करून डॉक्टरीणबाईंपुढं बसला आन् तपासून घेतलंन. आता दोघं मुंबईला खोली घेऊन राहतात. कामावरून आला की तो बी तिच्यासंगं चालायला जातो. चाळीतले हसतात म्हणे. हसू देत. केस अजून येतात हनुवटीवर, ती दोऱ्यानं काढते, लपवत न्हाय. मूल? न्हाय, अजून न्हाय. होईल असं डॉक्टरीणबाईंनी छातीठोक सांगितलं न्हाय, होणार न्हाय असंही न्हाय. पोरगी जेवते, झोपते, हसते. मी यालाच गुण म्हणतो.

मंग मी हा धंदा का करतो, असं तुमच्या तोंडावर दिसतंय मला. ऐका. परत आलो ना, तेव्हा मी सरळ सांगायला लागलो होतो. आलेल्या बाईला म्हणायचो, बये, औषध न्हाय माझ्याकडं, चाल, भात कमी कर, मुंबईला दाखव. काय झालं? एकीनंही ऐकलं न्हाय. उठून समोरच्या गल्लीतल्या अंबाजीकडं गेल्या, तो त्यांना शिशाची भुकटी चाटवतो! फुकटचा सल्ला कुणी घरी नेत न्हाय, मनुबाई. हातात बाटली लागते. बाटली द्या, वर म्हणा पहाटे चालली न्हाईस तर बाधेल — लगेच चालतात! सासूला म्हणा, बोललीस तर औषधाचं पाणी होईल — चाळीस दिवस घरात शांतता. असं चाललंय माझं, आन् बरं चाललंय —

बाटलीत काय म्हंजे? बडीशेप. जिरं. उकळलेलं पाणी. आधी चवीला गूळ घालायचो, तो बी काढला. … हे मी तुमाला सांगायचं न्हवतं. पण आता सांगितलं, तर सांगितलं. बाटली बाजूला ठेवा, पथ्य तेवढं न्या.

काय म्हणालात? पथ्य नको, बाटलीच द्या? का बरं? बडीशेपच हाय म्हटलं ना. — कुणाला दाखवायला? … असं. म्हंजे मुलगी बघून ठेवलीत तुमी. तुमच्या पोरासाठी, रघूसाठी. बोलणी बी झाली. आन् ह्या पोरीच्या बापाला दाखवायला माझी रिकामी बाटली हवी, की बघा, आमी औषधपाणी केलं, गुण आला न्हाय, आता घेऊन जा. म्हणून तुमी तिला आत आणली न्हाईत. मी तासभर माझ्या पोरीचं कुणाला सांगत बसलोय!

न्हाय, न्हाय देत. बडीशेपसुद्धा देत न्हाय. सोडा ती. सोडा म्हणतो ना!

रंगू! ए पोरी, उठ, आत ये. सासूकडं बघू नकोस, इकडं ये, ह्या पाटावर बस. पदर राहू दे तसाच, काढ म्हणत न्हाय मी. वाचता येतं तुला? चौथीपर्यंत? मंग झालं. हा कागद घे, ह्यावर लेडी डॉक्टरचं नाव हाय, इस्पितळाचं हाय, मंगळवारी आन् शुक्रवारी बसतात. तुझ्या बापाला दाखव. त्याला म्हणावं, माणगावला उतरलास की माझ्याकडं ये, आमची नीराबाई येईल तुमच्यासंगं, तिला आता सगळी वाट ठाऊक हाय. रडतेस का? रड, हरकत न्हाय. मनुबाई, तुमी अजून इथंच? जा, बाहेर बसा जरा. गाडीला वेळ हाय. जा म्हणतो ना. दार मी लावून घेतो.

हां. आता सांग, पोरी. झोप लागते का तुला?

सांग तुझ्या सवडीनं. मधे कुणी बोलणार न्हाय. मी बी न्हाय.