माझ्याच आवाजाचा हेवा

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. धर्मेंद्र ठवरे सर, आजच्या प्रमुख अतिथी, ज्या शाळेत आम्ही छात्राध्यापकांनी वर्षभर सराव पाठ घेतले त्या शाळेच्या मुख्याध्यापिका मीराताई कडू, व्यासपीठावरचा गुरुजनवर्ग, आजची सत्कारमूर्ती अदिती, निरोप घेणारे माझे सहाध्यायी, सकाळपासून धावपळ करणारे प्रथम वर्षाचे विद्यार्थी, आणि मीराताईंसोबत आलेली, पहिल्या रांगेत बसून समोशांच्या परातीकडे बघणारी सहावी ‘ब’ची मुलं! आपणा सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

निरोपाचे दोन शब्द मी बोलावेत असं ठरलं, कारण तुकडीत वयानं सर्वांत मोठा मी. पन्नाशी दारात आली आहे, आणि माझे सहाध्यायी माझ्या निम्म्या वयाचे. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळे ताडकन उठले. ‘गुड मॉर्निंग सर!’ मी मान हलवली आणि जाऊन मागच्या बाकावर बसलो. तेव्हाचे त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. त्या दिवसापासून मी सगळ्यांचा रुपराव काका.

थोड्या वेळापूर्वी अदितीला शाल पांघरली तीही मीच. मीराताईंच्या शाळेत गणित शिकवायला एक जागा होती, तासिका तत्त्वावरची. ती अदितीला मिळाली. त्याच जागेसाठी दुसरा अर्ज माझा होता. म्हणजे ज्याला जागा मिळाली नाही त्यानंच शाल पांघरायची, अशी योजना आयोजकांनी केली. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण शाल मी आधी उलटी पांघरली, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी वयाच्या खात्यावर मांडू नये.

सत्काराच्या भाषणात कौतुक करायचं असतं. मी करणारच आहे. पण आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कौतुक खरं वाटेल. मला अदितीचा हेवा वाटतो. या क्षणी, या माईकसमोर उभा असतानाही वाटतो.

मी रोज सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना घेतो. मी एक ओळ म्हणतो, मागे बसलेले ती म्हणतात. गेली कित्येक वर्षं हा नेम आहे. मैत्री भावना करताना मला अडचण येत नाही. करुणाही जमते. पण मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद मानणं, तिथे माझी गाडी अडते. गेल्या आठवड्यात तर पार रुतली.

ती का रुतली ते सांगायचं तर माझ्या घराच्या पुढच्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल. बी.एस्सी. झाल्यापासून मी तिथे शिकवण्या घेतल्या. भिंतीवर फळा, खाली सतरंजी. संध्याकाळी दारात चपलांचा असा ढीग पडायचा की पोस्टमनला पाय ठेवायला जागा नसे. पुढे मुलांच्या हातात मोबाईल आले. मोबाईलमध्ये गणित शिकवणारे आले. ढीग हळूहळू ओसरला. एका संध्याकाळी दारात चपलेचा एकच जोड दिसला, आणि तो माझा होता.

तेव्हा आमच्या सौ. कौसल्याबाई म्हणाल्या, “पदवी हाये, फळा हाये, आवाज हाये. नाई ते एक प्रमाणपत्रच ना? करून टाका बी.एड. शाळेत तर पोरं पळून जाणार नाई!”

मी बी.एड.ला आलो ते असा. ज्या पडद्यानं माझी मुलं नेली, त्या पडद्यापासून लांब, खऱ्या वर्गात, खऱ्या फळ्यासमोर उभं राहायला. आणि सहावी ‘ब’च्या वर्गात पाऊल टाकलं तर फळ्याच्या जागी काय होतं? भिंतभर डिजिटल पॅनेल! मुलं त्याला मोठा मोबाईल म्हणतात. फळा होता, पण त्याच्या मागे. पॅनेल बाजूला सरकवलं की निम्मा दिसायचा.

या वर्गात अदिती आणि मी, आम्ही दोघांनी आळीपाळीनं गणित शिकवायचं होतं. मी खडू घेऊन उभा राहायचो तेव्हा मुलं शहाण्यासारखी बसायची. शहाण्यासारखी म्हणजे गप्प. अदिती आली की बाकं पुढे सरकायची. पॅनेलवर कापडाचा तागा उलगडे, कात्री चाले, तुकडे उड्या मारत बाजूला जात. ती सगळी चित्रं ती घरी जागून स्वतः तयार करायची. मी शेवटच्या बाकावर निरीक्षणाची वही घेऊन बसायचो आणि मनात म्हणायचो, हे शिकवणं नाही, ही करमणूक आहे.

एकदा तिचा घसा बसला, तर तिनं संगणकाच्या आवाजात पाठ वाचून घेतला. तो बाईचा आवाज इतका कोरडा की आपला विक्की उठून म्हणाला, “मॅडम, हे बाई गाडी कोणत्या फलाटावर येऊन राहिली ते सांगते का?” सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अदिती माझ्याकडे आली. “काका, तुमचा आवाज द्या ना. अपूर्णांकांच्या भागाकारासाठी.”

मी म्हटलं, “देतो. पण माझं नाव कुठेही घालू नको.”

तिला वाटलं, काका विनयशील आहेत. अदिती, आज ऐकून घे. मला खात्री होती की तुझा पाठ पडणार, आणि पडलेल्या पाठावर मला माझं नाव नको होतं.

आम्ही खेळाच्या साहित्याच्या खोलीत बसलो. कबड्डीच्या गाद्या भिंतींना टेकवल्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. मी सुरू केलं की ती थांबवायची. “काका, भाषण नको. समोर एकच मूल बसलंय असं समजा, आणि त्याला समजत नाहीये.” मी डोळे मिटले. मला सोनिका दिसली. आधीच्या आठवड्यात माझ्याच तासाला तिनं विचारलं होतं, “सर, भागलं तर कमी व्हाले पाहिजे ना? मग वाढलं काहून?” मी म्हटलं होतं, प्रश्न शेवटी. शेवटी घंटा झाली होती.

म्हणून त्या खोलीत मी सोनिकाला सांगितलं. इतवारी बाजारातल्या दुकानात तीन मीटर कापड घेतलं. अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे केले. तुकडे सहा झाले. आता बघ बेटा, कापड वाढलं का? नाही. मग काय वाढलं? घाई करू नको, तुकडे मोज.

तो पाठ वर्गात लागला तेव्हा मी शेवटच्या बाकावर होतो. पॅनेलमधून माझा आवाज आला. आणि सहावी ‘ब’, जी माझ्यासमोर जांभया द्यायची, ती सहावी ‘ब’ तोंड उघडं ठेवून ऐकत होती. आवाज कोणाचा, हे एकालाही कळलं नाही. पॅनेलमध्ये तो भारदस्त वाटत होता, सावकाश, प्रेमळ. मी तसा कुठे आहे? सोनिकानं हात वर केला, अदितीनं पाठ थांबवला, मागे नेला. आवाज पुन्हा तेच बोलला, तितक्याच मायेनं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर सोनिका ओरडली, “तुकडे वाढले, कापड नाई!”

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, “काय वं सोनिका, हेच तर मी सांगत होतो ना?”

ती म्हणाली, “नाई सर. ते पॅनेलवाले सर चांगलं सांगते. त्याईले मधातच थांबवता येते. तुमाले कसं थांबवू?”

आता मला सांगा, प्राचार्य सर, आपल्या अभ्यासक्रमात या दुखण्यावर कोणता घटक आहे? शेजाऱ्याचा हेवा वाटतो, भावाचा वाटतो. स्वतःच्या आवाजाचा हेवा वाटणारा माणूस कधी पाहिला आहे का? मी घरी जाऊन जेवलो नाही. कौसल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “लोकं सवतीवर जळते. तुमी तुमच्याच गळ्यावर जळून राहिले. जेवा मुकाट्यानं.”

पहिल्या रांगेत गडबड सुरू झालेली दिसते. होय बाळांनो. ते पॅनेलवाले सर म्हणजे मीच. विक्की, हसू नको. आणि सोनिका, आधी तोंड मीट बेटा.

मी पुष्कळ विचार केला. आवाज तोच, उदाहरण तेच, माणूस तोच. मग वर्गातल्या माझ्यात काय कमी होतं? एके सकाळी वंदना घेताना उलगडलं. वंदना घेताना मी कोणाकडे बघत नाही. वर्गात मी बघत होतो. सराव पाठाला शेवटच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात. वर्षभर मला वाटत होतं की मी मुलांना शिकवतो आहे, पण माझी नजर, माझा आवाज, माझी घाई सगळी मुलांच्या डोक्यांवरून त्या शेवटच्या बाकाकडे जात होती. पाठ टाचणातली एकही पायरी राहायला नको, वेळ चुकायला नको. गाद्यांच्या त्या खोलीत निरीक्षक नव्हते. तिथे फक्त सोनिका होती, आणि तीही खरं तर नव्हती.

माझ्या खेड्यातल्या शाळेत एका खोलीत दोन वर्ग बसायचे. गुरुजी चौथीला शिकवत, आणि पाटीवर पाढे गिरवता गिरवता तिसरीतला मी चौथीचा धडा ऐकून घ्यायचो. माझ्यासाठी नसलेला आवाज मला जास्त समजायचा. तेव्हा त्याचं कारण कळलं नव्हतं. त्या आवाजाला माझ्याकडून काही नको होतं, एवढंच ते कारण असावं.

मग माझा वार्षिक पाठ आला. मीराताई शेवटच्या बाकावर, शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. सगळ्यांना माहीत होतं की या पाठावर गुणही ठरणार आणि जागाही. पाठ छान चालला होता. आणि ऐन मध्यात सोनिकाचा हात वर आला. “सर, थांबा ना.”

मी थांबलो. यात मोठेपणा शोधू नका. त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं, त्या पॅनेलपुढे मी हरणार नाही. ते तीन वेळा सांगतं काय? मी चार वेळा सांगेन! मी खडू ठेवला, तिच्या बाकापाशी जाऊन बसलो, तिच्या वहीचा कागद फाडून अर्धे अर्धे तुकडे केले. तिला समजलं, तर तिच्या शेजारणीनं हात वर केला. मग विक्कीनं. मूल्यमापनाची पायरी तशीच राहिली आणि घंटा झाली. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते चहाला गेले.

बाहेर पडताना सोनिका मला म्हणाली, “सर, आज तुमी अगदी पॅनेलवाल्या सरसारखं शिकवलं.”

वर्षभरातला माझा सर्वांत मोठा सन्मान हाच. आणि तोसुद्धा दुसऱ्याच्या नावानं!

जागा अदितीला मिळाली. मीराताई, निर्णय योग्य आहे. तिचे पाठ पूर्ण होतात आणि मुलांना समजतातही. मी अजून दोन्ही एका तासात बसवू शकलेलो नाही. परवा ती माझ्या घरी पेढे घेऊन आली, पाया पडली आणि म्हणाली, “काका, पॅनेलवरचा तुमचा पाठ पुढच्या वर्षीही तिन्ही तुकड्यांना लावणार आहोत.” म्हणजे मंडळी, माझ्या आवाजाला नोकरी लागली. मी तेवढा राहिलो.

मग तिनं विचारलं, “उरलेल्या धड्यांना आवाज द्याल ना?” मी एक पेढा तोंडात टाकला. कौसल्याबाई आतून म्हणाल्या, “देतील. दोन दिवस फुगू द्या.”

अदिती, फुगून झालं. पूर्ण ओसरलं असं म्हणणार नाही. शाळेच्या फाटकातून तू रोज आत जाशील आणि मी बाहेरून सायकलवर जाईन, तेव्हा पोटात दुखेल. सकाळी विहारात बसेन तेव्हा मुदितेशी पुन्हा झगडेन. पण आवाज देतो. दोन अटी आहेत. पहिली, या वेळी माझं नाव घालायचं, आणि बारीक अक्षरात नाही. दुसरी, गाद्यांच्या खोलीत मी बसणार नाही. सहावी ‘ब’च्या वर्गात, मुलांच्या समोर बोलेन. मध्ये कोणी थांबवलं तर ते थांबवणंही आत राहू दे. पॅनेलवाले सर थांबवता येतात म्हणून मुलांना आवडले. खरे सरही थांबवता येतात, हे पुढच्या वर्षीच्या पोरांना ऐकू येऊ दे. मीराताईंची परवानगी असेल तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी येतो.

मीराताईंनी मान हलवली. सर्वांसमोर हलवली, आता मागे घेता येणार नाही.

सहाध्यायींनो, पुढच्या महिन्यापासून तुम्ही कुठल्या कुठल्या वर्गात उभे राहाल. हाती खडू असो की पॅनेल, शेवटच्या बाकावर कोणी नसतानाही तुम्ही कोणाकडे बघून बोलता, तेवढं तपासत जा. मीही तपासेन. पुढच्या खोलीतला फळा मी काल पुसून ठेवला आहे.

या महाविद्यालयानं माझ्या वयाच्या माणसाला बाकावर जागा दिली, मीराताईंनी वर्ग दिला, तुम्ही पोरांनी मला काका केलं. सर्वांचे मनापासून आभार. अदिती, तुझं अभिनंदन. आता म्हटलेलं अभिनंदन सुरुवातीच्या शालीपेक्षा थोडं जास्त खरं आहे. हे बोलणं काही पॅनेलवर नाही, मागे नेऊन दुरुस्त करता येत नाही. तेव्हा वयाचा मान राखून आणि अज्ञानाकडे बघून, जे वावगं निघालं असेल ते पोटात घालावं.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. समोसेही थंड होत आहेत. मी रजा घेणारच होतो, पण पहिल्या रांगेत एक हात केव्हाचा वर आहे.

बोल वं सोनिका. मी थांबलो.