ताण उतरेपर्यंत

रक्तदाब मोजायला नर्सने तिसऱ्यांदा हाक मारली, तरी प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारे काका बाकावरून उठेनात.

“पुढच्याला घ्या, सिस्टर.”

“अहो, आज तब्येतीचा दाखला नाही मिळाला तर नोकरी जाईल!” शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या.

“म्हणून तर थांबलोय. तरणा उंदीर दचकला, की त्याच्या रक्तातला ताण तासाभरात उतरतो. म्हाताऱ्याचा उतरता उतरत नाही.”

“तुम्हाला कुणी दचकवलं?”

“सकाळी चष्म्यावरून कोण ओरडलं?”

“फ्रिजमध्ये ठेवलात, मग ओरडू नको?”

“बघ, पुन्हा चढला! आता अर्धा तास गप्प बस.”

काकू गप्प बसल्या. पाच मिनिटं गेली.

“अगं, बोल काहीतरी.”

“आता काय झालं?”

“तू गप्प बसलीस, की जास्तच चढतो.”

नर्स पट्टा घेऊन बाकापाशीच आली.

“काकू, तुम्ही बोलत राहा.”