अब्बांच्या झाडाचा रस

जशोरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक मोठी बहीण आणि तिचा धाकटा भाऊ. त्याच्या मांडीवर खजुराच्या रसाचं मडकं.

"नीट धर रे. अब्बा दवाखान्यात रोज विचारतात, आपल्या झाडाला रस आला का."

"बुबू, हा आपल्या झाडाचा नाहीये. मोक्तारचाचांकडून आणलाय."

"का?"

"खाच पाडताना माझा कोयता खोल गेला. पार गाभ्यात. झाड शेंड्यापासून वाळलं."

"अब्बा किती वेळा सांगायचे तुला, वरवर सोल म्हणून."

"मला वाटलं, जरा खोल गेलं तर रस जास्त येईल."

"त्यांना पहिल्या घोटातच कळेल. जन्मभर त्याच झाडाचा प्यायलेत."

"मग सांगू की नको? डॉक्टर तर म्हणाले, आता थोडेच दिवस."

"आधी पिऊ दे. मग सांग. आणि कोयता किती खोल घालायचा, ते विचारून घे."

"आत्ता? दवाखान्यात?"

"मग कधी विचारणार आहेस?"

"त्यांना हात उचलवत नाही, बुबू."

"तू तुझा हात त्यांच्या हाताखाली ठेव. किती खोल ते दाबून दाखवतील, तेवढं जमेल त्यांना."