पासवर्ड तोंडपाठ आहे

—थांबा, पुन्हा टाका. मोठा के, छोटा आर, सात, नऊ, पाच आणि मग... दोन, एक, चार. नाही घेत? टीव्ही 'पासवर्ड चुकीचा' म्हणतोय? तोच चुकतोय, भाऊ, मी नाही. माझ्या धाकट्याने रविवारी फोनवर सांगितला, एकदाच, आणि वर म्हणतो, आई, लिहून घे. मला! एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली मी — बोर्डावर दिवा लागला की कॉर्ड खोचायची, माणूस नुसता 'डॉक्टर!' म्हणून ओरडायचा आणि आम्ही जोडून द्यायचो. तीनशे नंबर तोंडपाठ. आमच्या मोठ्या बाई लिहू म्हणून द्यायच्या नाहीत, म्हणायच्या, वही उघडेपर्यंत तिकडे माणूस जातो. विचारा ना कुठलाही! दवाखाना दोन-एक-चार. बंबवाले एक-शून्य-सहा. लाकडाची वखार तीन-सात-सात, तिथे कुणी उचललं नाही तर वखारवाल्याच्या सासऱ्याचा तीन-आठ-शून्य. अडखळले कुठे? नाही ना? मग?

किती वाजले? पावणेचार? अहो, मग हात चालवा जरा! चार वाजता तो या टीव्हीवर येणार आहे — हा वरचा कॅमेरा त्यासाठीच पाठवलाय. अट घातलीय त्याने. म्हणाला, वायफायचा डबा टीव्हीला तू एकटीने जोडायचास, कुणाला बोलवायचं नाही. चारला पडद्यावर दिसलीस, तर एकटी राहा, मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाही दिसलीस, तर शनिवारी सूनबाई गाडी घेऊन येणार. वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय, खिडकी बागेकडे उघडते म्हणे. बाग घेऊन काय करू मी? ज्याला पाढे मी शिकवले तो माझी परीक्षा घेतोय. आणि झालं काय होतं एवढं? दोनदा गॅस चालू राहिला. दोनदाच. बरं, तीनदा — पण तिसऱ्या वेळी शेजारीण धावून आली, ते त्याला ठाऊक नाही, तुम्हीही कुठे बोलू नका. माणसाचं लक्ष असतं कधी इकडे तिकडे. तुमचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, तरी आज मला तिथे पोचायला पाऊण तास लागला. ऊन होतं ना.

शेवटी तीन, आठ, शून्य टाकून बघा. नाही? अहो, नीट दाबा! तुमची बोटं जाड आहेत. आणि एक सांगा, तुम्ही आल्या आल्या थेट त्या कपाटाकडे कसे गेलात? वायफायचा डबा कपाटावर आहे हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांकडे तिथेच असतो? माझ्याकडे असं बघू नका, राग येतो मला.

काय? मंगळवारी? मंगळवारी कोण आलं होतं? तुम्ही? छे! दुसऱ्या कुणाकडे गेला असाल. मंगळवारी मी — मंगळवारी मी घरातच होते, बाहेरून कुणी आलेलं नाही. आणि जोडून दिला होतात तर तुटला कसा? 'हे नेटवर्क विसरा' असं बटण असतं? ते दाबलं गेलं? मी कशाला दाबेन असलं काही! टीव्ही फिरवताय कशाला, पडेल — मागे काय आहे? चिठ्ठी? द्या इकडे. चष्मा कुठे... गळ्यातच आहे.

अक्षर माझंच आहे.

मोठा के, छोटा आर, सात, नऊ, पाच... पाच, शून्य, आठ. आणि खाली — 'मंगळवारी दुकानातल्या भाऊंनी जोडून दिलंय. पुन्हा बोलावू नकोस, हसतील.' मी लिहिलं हे? मी? आणि मघापासून तुम्हाला दवाखान्याचा नंबर देतेय. वखारवाल्याचा सासरा मरून पंचवीस वर्षं झाली, त्याचा नंबर देतेय. भीती वाटते हो, भाऊ. तुम्ही हसला नाहीत. दुकानाच्या दारात मला बघून कळलं असेल तुम्हाला, तरी बोलला नाहीत.

टाका. पाच, शून्य, आठ. घेतला? दिवा हिरवा झाला, दिसतोय मला, दिवे ओळखते मी. चिठ्ठी होती तिथेच चिकटवा. नको, जरा वर, मला दिसेल अशी. त्याला कॅमेऱ्यातून नाही ना दिसणार? तुमचा नंबर काय? थांबा, सांगू नका. लिहून द्या. मोठ्या अक्षरात. त्या 'बोलावू नकोस, हसतील'वर काट मारा आणि शेजारी लिहा, बोलाव.

वाजतोय! पाच मिनिटं आधीच! तुम्ही मागच्या दाराने जा, चपला हातात घ्या, आवाज नको. जा म्हणते ना! — हं, बोल रे बाळा. दिसतेय ना मी?

हो. एकटीने.