कमरेच्या वर चार बोटं

— नाय नाय, तो पट्टा तुमचा नाय, माझा हाय तो. तुमचा तिकडं बघा, मांडीखाली दबलाय. हां, आता घाला कडीत. खट् झालं का? खट् झाल्याशिवाय मंजुषा मॅडम वरचा दिवा लावत नाय, आणि दिवा लागल्याशिवाय आपला वेळ धरत नाय. पहिलीच वेळ ना तुमची? दिसतंच हाय. पहिल्या वेळी सगळे असेच बसतात, लग्नात फोटोला बसवल्यागत. अहो, सैल बसा जरा — हे काय खरं विमान थोडंच हाय? अंबडच्या कारखान्यांमधली शेड हाय ही, पलीकडं पत्रा कापायचं मशीन चालू हाय, ऐकू येतंय ना? खिडकी म्हणता? हात लावून बघा, कागद हाय नुसता. ढग चिकटवलेत. सतरा वेळा मी या खिडकीशी बसले, ढग तसूभर हलला नाय. पण बाहेर बघायचं काय सुटत नाय, काय करता.

तुम्ही काय करत होता म्हणायचं? मास्तर? गणिताचे! अरे देवा. मग सर म्हणते बाई, भाऊबिऊ नको. गंगापूर रोडला राहता म्हणजे आमच्या अंगणातलेच की — मी मखमलाबादची, कमळाबाई. झेंडू-शेवंतीचा मळा हाय आमचा, तीस वर्षं फुलबाजारात गोणपाटावर बसून हार विकलेत. तुमच्या घरच्या दसऱ्याच्या तोरणात माझा झेंडू नक्की गेला असंल, पैज लावा. आता तुम्ही मनात म्हणाल, ही हारवाली विमानाच्या सीटवर काय करतेय. तर माझा भाचा इथं मशीनवर हाय, भारत. तो एकदा घरी आला, चहा संपला तरी बशीच बघत बसला. म्हटलं, बोल की रे. तर म्हणतो, मावशी, रागवू नको, कंपनीला एक जाड बाई पाहिजे. बसायला. फक्त बसायला! मी म्हटलं, अरे, जन्मभर मी बसायचंच काम केलं, फक्त समोर फुलं होती.

तर असं हाय बघा. ती छोटी विमानं असतात ना — इकडं दोन, तिकडं दोन, पंख्याची, तास-दीड तासाच्या गावाला जाणारी — त्यांच्या आतलं सगळं उपटून नवीन बसवतायत. गालिचा नवा, पडदे नवे, सीटा नव्या. जुन्या सीटची पाठ होती उशीएवढी, ही नवीन आलीय भाकरीएवढी. पाठ पातळ केली की एक ओळ जास्त बसते म्हणे. म्हणून एक जाड माणूस, एक उंच माणूस असं बसवून बघतात. जाड मी, उंच तुम्ही. मागच्या खेपेला तुमच्या जागी एक पोलीस होता रिटायर झालेला, तो दीड तास घोरला. त्याच्या कागदावर काय लिहिलं देव जाणे. हा कागद बघा — पाठमोरा माणूस काढलाय, ना बाई ना बाप्या. कुठं दुखलं तिथं खूण करायची. दीड तास उठायचं नाय, मोबाईल नाय, आणि दुखलं तर लपवायचं नाय. हे शेवटचं मंजुषाचं वाक्य हाय, ती दर वेळी म्हणते.

आणि खरं सांगू का? कोणाला बोलू नका — मला हा दीड तास लय आवडतो. घरी मी बसते कधी? बसले रे बसले की हाक आलीच — आई टॉवेल, आई चहा, आजी माझा चेंडू. आमच्या ह्यांना तर मी बसलेली बघवतच नाय, लगेच काहीतरी हरवतं त्यांचं. इथं मला पट्टा लावून ठेवतात! उठली तर उलट ओरडतील. ह्यांचा फोन आला तर तिकडं काचेपलीकडं वाजतो, वाजू दे. पहिल्या दिवशी तर मला रडूच आलं होतं, काय कारण नसताना. तर ते असो. पाय लांब करायचा प्रयत्न सोडा सर, समोर जागा नाय. तुमच्या उंचीला सीट नाय, बाजच पाहिजे.

अहो अहो, काय करताय? आता कुठं वीस मिनिटं झाली आणि लाल पेन काढलं? कंपनीनं पेन्सिल दिलीय ना — हे स्वतःचं लाल पेन खिशात घालून फिरता अजून? मास्तरकी मुरते म्हणतात ती अशी. गुडघे, बरं. मान, बरं. आता हे कमरेला काय एवढं मोठं फुलीसारखं? थांबा जरा. एवढं लाल करू नका, ऐका माझं. हात दाखवून अवलक्षण कशाला? इथं आमच्या गल्लीतली साळूबाई यायची आधी. तिनं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, टोचतंय म्हणून. परत बोलावणं आलं नाय तिला. तिला बोलावलं नाय म्हणून तर मला बोलावलं! मी काय मूर्ख हाय का?

बरं, नुसतं तेवढंच नाय. आपल्यात काय रीत हाय? कोणी बस म्हटलं, पाट दिला, तर आपण पाट डुगडुगतो असं म्हणतो का? डुगडुगत्या पाटावर बसून माणूस जेवून उठतो आणि म्हणतो, झकास झालं हो सगळं. तसा पाट देणारी ही मंजुषा. ती बघा काचेमागं — डोळ्याखाली काळं आलंय, हातात ती कागद लावायची पाटी घेऊन उभी. सकाळी आठपासून पायावर. ही सीटची पाठ तिनं आखलीय, स्वतः, आठ महिने लागले तिला. मी कितीदा म्हटलं, अगं बस ना दोन मिनिटं. तर म्हणते, मावशी, तुम्ही बसा, मला काम आहे. दर वेळी दिवा विझला की माझ्यापाशी येते, वाकते, आणि विचारते — मावशी, कुठं दुखलं का? सर, साठी आली माझी. कुठं दुखतंय, हे त्या पोरीआधी मला कोणी विचारलेलं नाय. आईनं नाय, सासूनं तर नाव काढू नका. आता जी एकटी विचारते, तिलाच कसं सांगायचं की बाई, तुझ्याचमुळं दुखतंय?

...काय? आता तुम्ही वर्गात उभं करून विचारावं तसं काय विचारताय? दुखतं का म्हणजे? दुखतं. न दुखायला काय झालं? पण सर, ते सीटचंच दुखणं कशावरून? माझं काय कमी हाय? टाच गेली पहाटे मळ्यातल्या ओल्या सरीत उभं राहून फुलं तोडून. गुडघा दुसऱ्या बाळंतपणानंतरचा. खांदा फुलांच्या पाटीनं. मान हार ओवून ओवून. प्रत्येक दुखण्याचा पत्ता मला ठाऊक हाय. त्यात हे एक नवीन आलं — कमरेच्या वर चार बोटं, डावीकडं जरा — तर मी म्हटलं, ये, तूही बस. अंगावरच काढायची सवय. सीट बिचारी नवीकोरी, ती कशाला दुखवंल? जुनी मी. म्हणून कागद कोरा द्यायचे. मंजुषा विचारायची, काहीच नाही? मी म्हणायचे, काही नाय गं, झोप येते नुसती. तिचा चेहरा असा फुलायचा ना! सतरा वेळा फुलवला मी.

झालं. माझ्या त्या कोऱ्या कागदांवर दोन विमानांत ही सीट बसली. आता खरी गोष्ट ऐका, पण मंजुषाकडं बघू नका, तिला वाटंल तिच्याबद्दलच बोलतोय. माझी लेक हैदराबादला असते, सुवर्णा. गौरी-गणपतीला आली, पाच महिन्यांचं बाळ घेऊन, विमानानं. मी आणि भारत ओझरच्या विमानतळावर आणायला गेलो. दारातून माणसं येतायत, येतायत, आणि मागून एक बाई वाकून चालत येतेय, एक हात कमरेवर. मला वाटलं, ही तर मीच. अगदी माझी चाल! तर सुवर्णा. तिशीची पोरगी सर, कधी डोकं धरून बसलेली मी बघितली नाय. बाळ मांडीवर झोपलं म्हणून दीड तास हलली नव्हती. गाडीत बसते नाय बसते तोच म्हणते, आई, आत सगळं नवीन, चकाचक, पण ती पाठ! कुठल्या गाढवानं पास केली गं ती सीट? — हसा. हसा. गाढव तुमच्या शेजारी पट्टा लावून बसलंय.

मला आधी वाटलं, दुसरी असंल, जगात काय एकच सीट हाय का? तर तिनं बाळाचा फोटो दाखवला, सीटवर टेकवून काढलेला. राखाडी कापड, पिवळा दोरा. हाच. हा बघा, हाच दोरा. दुपारी तिला पालथं निजवलं, तेल कोमट केलं, आणि अंगठा फिरवत फिरवत वर आले तर ती ओरडलीच. कमरेच्या वर चार बोटं. डावीकडं जरा. मी दुसरा हात मागं नेला, माझ्या पाठीवर, आणि दाबलं — तीच जागा सर! मोजून चार बोटं. आता तुम्ही गणितवाले, सांगा मला. त्या पोरीनं कधी पाटी उचलली नाय, मी उचलू दिली नाय. ओल्या सरीत पाय घातला नाय. शिकली, नोकरी धरली. मग माझं दुखणं तिच्या पाठीत गेलं कुठून? सीटच्या पाठीत तिथं दांडी हाय आत. पाठ पातळ केली तर दांडी लपायला जागाच राहिली नाय. आणि मी सतरा वेळा म्हटलं, झोप येते.

तिला सांगितलं का? नाय. सांगायचं सोडाच, उलट काय म्हणाले मी? म्हणाले, बाळंतपणानंतर कंबर अशीच होते गं, सोसायचं. तर ती म्हणते, हो का, मग माझंच असेल. माझंच असेल म्हणाली, सर! लाख शिकवली, आणि शेवटी माझाच धडा पाठ केला तिनं. त्या दिवसापासून घास गोड लागत नाय मला. आणि आज या पाठीची शेवटची बैठक, ठाऊक हाय ना? आजच्या दोन कागदांवर ठरायचंय, बाकीच्या सगळ्या विमानांत ही पाठ जायची का नाय. तुमच्या एकट्याच्या लाल फुलीनं काय होणार? म्हणतील, म्हातारा उंच हाय, त्याचं काय खरं. कोरा कागद माझा बघतील. आणि मी खूण केली तर पुढच्या सीटला मला बोलावणं यायचं नाय, साळूबाईसारखं. मग घरी, आई टॉवेल, आई चहा. हा खोटा ढग पण गेला.

किती वाजले? दहा मिनिटं राहिली? ...द्या इकडं. पेन द्या तुमचं. पेन्सिल नको, पेन्सिल पुसता येते. हां. आता हा पाठमोरा माणूस. टाच — टाच नाय, ती माझी. गुडघा माझा. खांदा राहू दे, मान राहू दे. किती मोह होतो हो सर, एकदा हातात पेन आलं की! सगळं लाल करून द्यावंसं वाटतं, साठ वर्षांचं. पण नाय, ते या सीटच्या माथी कशाला? एवढं एकच. कमर कुठं हाय याची... एक, दोन, तीन, चार. बरोबर आलं का? तुम्ही पेपर तपासलेत जन्मभर, नीट बघा. आलं ना?

दिवा गेला. आलीच ती. तुम्ही मधे काय बोलू नका सर, मला बोलू द्या. — ये गं मंजुषा, ये. कसं काय, छानच हाय गं, झोप — नाय. थांब. छान नाय. हा कागद घे आधी. ही लाल खूण मी केलीय, ह्यांनी नाय. आणि मागचे सतरा कागद खोटे होते, तुझं तोंड बघून दिलेले. आतली दांडी लागते गं, माझ्या लेकीला लागली, तुझ्या आईला लागंल. असं तोंड नको पाडू. तू बसलीस का कधी हिच्यात? पाच मिनिटं? पाच मिनिटांत तर पाहुणा पण उठत नाय. चल, पाटी खाली ठेव, दीड तास बस माझ्या शेजारी, पट्टा लाव, मग मी तुला विचारते कुठं दुखलं. काम राहू दे. बस म्हटल्यावर नाय म्हणत नसतात. — उठा सर तुम्ही, पोरीला जागा द्या. आणि ते पेन तेवढं इथंच ठेवून जा.